पुलावरचा गायक

पांडित्य व लोकभाषा यांचें सख्य क्वचितच जमतें. पंडिताची जीभ परभाषेच्या व्याकरणांत एकदां रुळली, कीं आईच्या भाषेंत ती अडखळूं लागते. या नियमास अपवाद शोधूं गेल्यास आम्हांस सातव्या शतकांतील एका इंग्रज धर्मगुरूची आठवण होते. त्याचें नांव ऑल्डहेल्म.

हा वेसेक्स राज्यांतील. कँटरबरीस तार्ससचा थिओडोर व आफ्रिकेंतून आलेला हेड्रियन यांच्या पाठशाळेंत तो शिकला. पुढें माल्म्सबरीच्या मठाचा अधिपति आणि ७०५ च्या सुमारास शेरबर्नचा पहिला बिशप झाला. त्यानें लॅटिन पद्यांत शंभर कोडीं रचलीं. बार्किंगच्या जोगिणींसाठीं ब्रह्मचर्याची महती आधीं गद्यांत व मग पुनः पद्यांत वर्णिली. एका पत्राच्या आरंभीं तर 'प' या वर्णानें सुरू होणाऱ्या शब्दांची अशी रांग लाविली आहे, कीं मोरोपंतांनींहि मान डोलवावी.

अशा या शब्दप्रभूची एक कथा बाराव्या शतकांतील माल्म्सबरीचा इतिहासकार विल्यम यानें, आल्फ्रेड राजाच्या टिपणवहीच्या आधारें, सांगितली आहे. उपासना आटोपतांच लोक प्रवचनास न थांबतां घरची वाट धरीत. तेव्हां ऑल्डहेल्म गांव व शेतें यांस जोडणाऱ्या पुलावर भाटासारखा उभा राहून त्यांच्याच भाषेंत गाऊं लागला. लोक थबकले. गाण्याची गोडी लागल्यावर त्यानें धर्मग्रंथांतील वचनें हळूच त्यांत ओविलीं. बहिष्काराच्या धाकानें हें साधलें नसतें, असें विल्यम म्हणतो.

७०९ मध्यें ऑल्डहेल्म निवर्तला. मठांतील लेखकांनीं त्याची लॅटिन रचना नकलून ठेविली. म्हणून तेराशें वर्षांनंतरहि ती अभ्यासकांपुढें आहे. इंग्रजी गाण्यांत त्याच्या तोडीचा कोणी नाहीं, असें आल्फ्रेडचें मत होतें. परंतु त्याची म्हणून निश्चित सांगतां येईल अशी एक ओळहि आज उरलेली नाहीं. आल्फ्रेडची ती वहीहि हरवली.

आम्ही पोटासाठीं जन्मभर परभाषेंतील ग्रंथ शिकवीत आलों. म्हणून हा हिशेब आम्हांस जवळचा वाटतो. बार्किंगच्या जोगिणी त्याचा ग्रंथ वाचावयास उत्सुकच होत्या. पुलावरून जाणाऱ्यांस मात्र घरीं जावयाची घाई होती. त्यांसहि थांबविलें पाहिजे असें ज्यास वाटलें, तो ऑल्डहेल्म आम्हांस कोडीं रचणाऱ्या ऑल्डहेल्महून मोठा वाटतो.