सत्यसुधारकची वाट

सत्यसुधारक हे कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळे यांनी काढलेले चहाचे हॉटेल. मालक अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतला, आणि त्याच्या हातचा चहा राजर्षी शाहू छत्रपती सगळ्यांदेखत पीत. पुण्याहून या हॉटेलच्या शोधात निघणाऱ्याने आधी शहरातल्या दोन पेठांत पायी जावे. त्याशिवाय त्या चहाचे मोल उमगत नाही.

गुरुवार पेठेत पंचहौद मिशन आहे. 1890 साली इथे रानडे, टिळक, गोखले प्रभृतींपुढे मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटे ठेवली. गोपाळराव जोशींनी बातमी फोडली, ‘पुणे वैभव’ने नावे छापली आणि ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, माजले. टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताची वाट धरावी लागली. जवळच्याच गंज पेठेत फुलेवाडा आहे. तिथला घरचा हौद जोतीरावांनी 1868 साली अस्पृश्यांना खुला केला होता. त्या हौदापाशी पाय रेंगाळतात. आपले पाणी दुसऱ्याला देणे त्या काळी धाडसाचे होतेच. पण त्याच्या हातचे आपण घेणे समाजाला त्याहून अवघड होते.

सातारा-कऱ्हाडवरून जाणारा महामार्ग रुक्ष आहे, त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. कोल्हापुरात पोचल्यावर मात्र तांबडा-पांढरा रस्सा थोडा थांबू शकतो. आधी भाऊसिंगजी रोड गाठावा.

गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याला शिवल्याबद्दल तिथल्याच नोकरांनी त्यांना बेदम मारले. गाऱ्हाणे कानी येताच महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला पैशाचे पाठबळ दिले. हॉटेल सुरू झाले, पण त्यांच्या हातचा चहा प्यायला सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. 1919 साली सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने इथे शिवाशिव पाळू नये असे हुकूम महाराजांनी काढले. गिऱ्हाइकाच्या घशाखाली चहा उतरवणे मात्र हुकुमाच्या आवाक्यातले नव्हते. महाराजांनी त्यावर शोधलेला उपाय फार मोठ्या मनाचा आहे. आपला खडखडा, म्हणजे घोडागाडी, ते थेट हॉटेलासमोर उभा करीत, गंगारामांना चहा आणायला सांगत, स्वतः पीत आणि गाडीतल्या ब्राह्मण-मराठा मंडळींनाही पाजत. छत्रपतींनी पुढे केलेला कप नाकारणार कोण? सहीसाठी आलेल्यांना ते आधी गंगारामांकडचा चहा घ्यायला लावत, अशीही आठवण कोल्हापुरात सांगतात. पुढे सोडावॉटरच्या यंत्रासाठीही त्यांनी मदत केली.

अमेरिकेतल्या वर्णभेदाच्या काळाशी हे ताडून पाहण्याजोगे आहे. अटलांटात कृष्णवर्णी पास्कल बंधूंनी 1947 साली काढलेले उपाहारगृह मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे बैठकीचे ठिकाण बनले. 1960 साली ग्रीन्सबरो इथे चार कृष्णवर्णी विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या जागी बसून राहिले, ते आपल्यालाही वाढले जावे म्हणून. कोल्हापुरात झगडा उलट बाजूने होता: वाढणाऱ्याचा हात स्वीकारला जावा यासाठी.

6 मे 1922 रोजी महाराज गेले. नर्सरी बागेत त्यांचे पहिले स्मारक उभे राहिले ते 1925 साली, आणि त्यासाठी पुढाकार घेतला तो गंगाराम कांबळे यांनी.