वाऱ्याची वाट

मे महिन्यात दौलताबादचा कातळ दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत झळा सोडत बसतो. पारा चाळिशी ओलांडतो. अशा गावात पत्र्याखाली झेरॉक्सचं दुकान, कोपऱ्यात कॉम्प्युटर. त्यातला प्रोसेसरवरचा पंखा हवा गार करतो हा आपला गोड गैरसमज. तो फक्त हलवतो. शिवाय बंद कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्ड नि हार्ड डिस्कने तापवलेलीच हवा तो पुन्हा पुन्हा ओढतो.

यावरचा घरगुती उपाय म्हणजे डक्ट. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा, चिकटपट्टी आणि एक निवांत दुपार एवढं पुरे. बाजूच्या झाकणाच्या जाळीपासून प्रोसेसरच्या पंख्यापर्यंत नळी करायची, म्हणजे बाहेरची हवा आतल्या गरम हवेत न मिसळता थेट पोचते. पंख्याशी येणारी हवा पाच अंशांनी उतरली, की तेवढ्याच कामाला प्रोसेसरही साधारण पाच अंशांनी उतरतो. इंटेलनेही २००० नंतरच्या दशकात कॅबिनेटवाल्यांना अशीच नळी सुचवली होती. पंख्याशी हवा ३८ अंशांच्या वर जाऊ नये, हा हेतू. त्यात खोली धरली होती ३५ अंशांची. आमच्या उन्हाळ्याला हे कुणी कळवलेलं दिसत नाही!

वाऱ्याला अशी वाट काढून देण्याची युक्ती इथे जुनीच आहे. दौलताबादच्या किल्ल्यावरच्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेत, गाईड शत्रूवर ओतायच्या उकळत्या तेलाच्या गोष्टी रंगवून सांगतात, पर्यटक शहारतात. मला भुरळ पडते ती भुयाराच्या वरच्या तोंडाजवळच्या एका भोकाची. तिथे लोखंडी अडसरावर आग पेटवून शत्रूची वाट कोंडायची सोय होती, आणि त्या आगीला वारा मिळावा म्हणून कातळ कोरून वेगळा मार्ग काढला होता. चुलीची फुंकणीच ती, फक्त फुंकायला माणूस नको. वाऱ्याला निखारा फुलवायचा की प्रोसेसर निववायचा, याचं सोयरसुतक नाही; वाट दिली की तो जातो. उकळत्या तेलापेक्षा ही अक्कल मला फार मोठी वाटते.

डक्ट केलीत तर उदबत्ती पेटवून जोडांवरून फिरवा. धूर जिथे आत ओढला जाईल तिथे फट आहे. पुठ्ठा पात्यांना लागू देऊ नका. जाळीवरची धूळ झटकत राहा, ती इथे अमाप. आणि गरम हवा निघायची मागची जागा भिंतीला चिकटवू नका. आत घेतलेल्या हवेला बाहेर पडायला जागा नसेल तर डक्ट करून काही उपयोग नाही.