पोरांना घेऊन मुंबईला जाताना

धानाची मळणी आटोपत आली की आमच्या वडसा परिसरात घरोघरी एकच विषय निघतो, ‘औंदा दादरले जाचं काय?’ म्हातारी माणसे बोचके बांधून आधीच तयार असतात. तरुण पोरे निळा झेंडा घेऊन गाडीत केव्हा चढतात ते कळतही नाही. खरा प्रश्न पडतो तो आमच्यासारख्यांना, ज्यांच्या पदरी लहान लेकरे आहेत. न्यावे तर गर्दीची भीती, न न्यावे तर मनाला रुखरुख.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी फार विचार केला नाही. आरक्षण नाही, कुणाला निरोप नाही. आई, पाच वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा यांना घेऊन ६ डिसेंबरला निघालो. एसटीने नागपूर, तिथून जनरलच्या डब्यात उभ्याने रात्र. शिवाजी पार्कवर पोचलो तेव्हा मुलगा तापाने फणफणला होता. पुस्तकांच्या स्टॉलवर आम्ही वाकलो, एकाला वाटले मुलगी दुसऱ्याच्या हाताशी आहे, दुसऱ्याला वाटले पहिल्याच्या. वळून पाहतो तर मुलगी नाही!

तो एक तास आम्ही आयुष्यात विसरणार नाही. मोबाईल लागेना. आई जागेवर बसून राहिल्या, ‘पोर याच जागी परत येईल’ म्हणत. शेवटी एका मंडपातल्या भोंग्यावरून आवाज आला. एका स्वयंसेवकाने तिला उचलून तिथे नेले होते. तिला गाव विचारले, तर ती म्हणाली ‘वडसा’. मुंबईत वडसा कुणाला ठाऊक? वडिलांचे नाव विचारले, तर ती म्हणाली, ‘बाबा’. पूर्ण नाव सांग म्हटल्यावर तिने सांगितले, ‘बाबासाहेब’. मंडपातली माणसे हसली आणि डोळेही पुसू लागली. आम्ही मात्र हसू शकलो नाही. चूक गर्दीची नव्हती, आमची होती. पाच वर्षांच्या लेकराला आम्ही वंदना शिकवली होती, पण आईबापाचे नाव शिकवले नव्हते.

परत आल्यावर ठरवले, पुन्हा मुंबईला जायचे, पण लेकरांच्या मापाने जायचे. पुढच्या वर्षी धानाचा चुकारा हाती आल्यावर जानेवारीत निघालो. त्या वेळी जे केले ते इथे सांगतो. कुणाच्या तरी कामी येईल.

पहिली गोष्ट तिकिटाची. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते; नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस आधी उघडत असे. म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यासाठी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच तिकीट काढावे लागते. पाच वर्षांखालील मुलाला वेगळी बर्थ घेतली नाही तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाचे अर्धे तिकीट बर्थशिवाय मिळते; वेगळी बर्थ हवी तर २०१६ पासून पूर्ण भाडे पडते. नागपूर ते मुंबई ८३७ किलोमीटर, सारी रात्र गाडीत. आम्ही मुलीची बर्थ घेतली. पैसे गेले, पण लेकरू झोपले. झोपलेले लेकरू आजारी पडत नाही.

दुसरी गोष्ट उतरण्याची. चेंबूरला आमचे चुलतभाऊ राहतात. एक खोली, पाणी सकाळी तासभर. त्यांना दोनदा फोन करून विचारले, किती दिवस राहिलो तर अडचण होणार नाही? चार रात्री ठरल्या. जाताना एचएमटी तांदूळ नेला. हे वाण शोधणारे दादाजी खोब्रागडे आपल्याच नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे. वहिनींनी भात शिजवला आणि घरभर वास सुटला, तेव्हा पाहुणे म्हणून आलेला संकोच आपोआप गेला.

तिसरी गोष्ट, एका दिवशी एकच मोठे ठिकाण. लोकलमध्ये अकरानंतर चढायचे, चारच्या आत परतायचे. पहिला दिवस नुसता विश्रांतीचा. दुसऱ्या दिवशी चैत्यभूमी. गर्दी नव्हती. मुलांनी स्तूपाला प्रदक्षिणा घातली, समुद्र पाहिला, आजीला शंभर प्रश्न विचारले. तिथून हिंदू कॉलनीत राजगृह. बाबासाहेबांनी हे घर पुस्तकांसाठी बांधले असे सांगितल्यावर मुलगी म्हणाली, ‘पुस्तकायसाठी घर? मंग माणसं कुठं रायत?’ तिसऱ्या दिवशी राणीच्या बागेत पेंग्विन पाहिले. ही बाग बुधवारी बंद असते, तेव्हा वार पाहून जावे.

शेवटचा दिवस कान्हेरीचा. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते. आत शिरताच मुलगी ओरडली, ‘मुंबईत बी जंगल हाय!’ ताडोब्याच्या जिल्ह्याशेजारची पोरे आमची, त्यांना झाडांचे नवल नाही. पण डोंगरात शंभराहून अधिक लेणी कोरलेली पाहून गप्प झाली. लेण्यांजवळ खडकात पाण्याच्या टाक्या आहेत. पावसाचे पाणी साठवून भिक्खू तिथे शतकानुशतके राहिले.

त्या टाक्यांजवळ बसून भाकरी खाताना आम्ही मुलांना मसूर स्टेशनची हकिकत सांगितली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेबांनी ती लिहिली आहे. १९०१ साली लहानगा भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले नवे कपडे घालून वडिलांकडे निघाली. येत असल्याचे पत्र त्यांनी पाठवले होते, पण नोकर ते वडिलांना द्यायला विसरला. मसूरला घ्यायला कुणी आले नाही. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली, ती पोरांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. शिदोरी जवळ होती, पण पाणी कुणी दिले नाही. रात्र उपाशी गेली.

मुलीने हातातली पाण्याची बाटली पाहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग बाटली भावाकडे सरकवून म्हणाली, ‘तू पे आंधी.’

वाचकहो, आपली लेकरे आज कोणत्याही स्टेशनवरच्या नळाला तोंड लावू शकतात. हे फुकट मिळालेले नाही. म्हणून प्रवासाची तयारी करणे हे चोचले नव्हेत. पत्र वेळेवर पोचले की नाही हे पाहणे, निरोप दोनदा देणे, लेकराच्या खिशात नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवणे, हे मोठ्यांचे कर्तव्य आहे. लेकरू हरवलेच तर १०९८ हा बालकांचा मदत क्रमांक आणि गाडीत १३९ पाठ असू द्यावा. डिसेंबरमध्ये आपल्याकडे थंडी असते, मुंबईत उकडते. तेव्हा स्वेटर एकच आणि पाणी जास्त न्यावे.

६ डिसेंबरला लेकरे नेऊच नका असे आमचे म्हणणे नाही. तो जनसागर त्यांनी एकदा तरी पाहावा. पण आधी शांत दिवशी चैत्यभूमी दाखवावी, म्हणजे गर्दीतही ती जागा त्यांच्या ओळखीची राहील. यंदा आई जातील, आमच्यापैकी एक जण आणि मुलगी जाईल. धाकटा घरी राहील. तो रडतो आहे, पण पुढच्या वर्षी त्याची पाळी आहे.

त्याच्या खिशात ठेवायची चिठ्ठी मुलीने आत्ताच स्वतःच्या हाताने लिहून ठेवली आहे. त्यात वडिलांचे नाव पूर्ण आणि बरोबर आहे.