दोन्ही नियम बरोबर होते

आपली आपण काळजी घेणारी यंत्रणा उभारताना मी दोन नियम लिहिले. सर्व्हरने हेल्थ चेकला वेळेत उत्तर दिलं नाही, तर तो रीस्टार्ट करायचा. प्रतिसाद रेंगाळू लागले, की सर्व्हर वाढवायचे. दोन्ही नियम वेगवेगळे तपासले आणि दोन्ही चोख चालले. एकत्र तपासले मात्र नाहीत.

एका रात्री गर्दी वाढली आणि डेटाबेस जरासा मंदावला. उत्तरं लांबली, म्हणून पहिल्या नियमाने धडधाकट सर्व्हर आजारी ठरवून रीस्टार्ट केले. नव्याने उठलेल्या सर्व्हरची कॅश रिकामी. त्यामुळे ते प्रत्येक गोष्ट डेटाबेसलाच विचारू लागले. तेवढ्यात दुसऱ्या नियमाने आणखी सर्व्हर आणले आणि त्यांनीही आपापली कनेक्शनं उघडली. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस; त्यात मुळात 100 कनेक्शनची मर्यादा असते. आम्ही ती वाढवली होती, तरीही ती भरली. यंत्रणा मदत म्हणून जे जे करत होती, त्याने डेटाबेस आणखी गुदमरत होता.

अहवालात मी दोष डेटाबेसवर टाकला आणि मोठं मशीन मागून घेतलं. पुढच्या गर्दीत पुन्हा तेच. तेव्हा कुठे कशामुळे काय घडतं याचे कागदावर बाण काढले. प्रत्येक बाण फिरून डेटाबेसपाशीच येत होता. भर घातली होती ती उशिराने. नवा सर्व्हर कामाला लागेपर्यंत माझा नियम जुनेच आकडे पाहून आणखी मागवत राही. सर्व्हर कमी-जास्त करणाऱ्या कुबरनेटीसमध्ये संख्या घटवण्याआधी 5 मिनिटं थांबण्याची मूळ तजवीज आहे. ती मला वायफळ वाटली होती. पैसे वाचवायला मी ती काढून टाकली होती. म्हणून संख्या सतत खालीवर होत राहिली.

केफार्ट आणि चेस यांचा 2003 चा संगणक यंत्रणांच्या स्वयंव्यवस्थापनावरचा लेख मी वाचला होता. निरीक्षण, विश्लेषण, आखणी, अंमल हे चार टप्पे त्यातूनच घेतले. हे चारही टप्पे ज्या सामायिक माहितीच्या आधाराने चालायचे, ती मी सोडून दिली.

सगळ्यात जास्त सलतं ते वेगळंच. रात्रपाळीतल्या सहकारी बाईंनी रीस्टार्टचा क्रम पाहून नेमकं दुखणं ओळखलं होतं. पण यंत्रणा थांबवण्याची सोय मी त्यांच्या हाती ठेवलीच नव्हती. आता ती आहे, आणि दोन्ही नियम पाऊल उचलण्याआधी डेटाबेसची स्थिती एकाच नोंदीतून पाहतात.