घोटभर पाणी

गेल्या २० मार्चला महाडला गेलो होतो. रात्रभर टेम्पोत. सकाळी चवदार तळ्याच्या पायरीवर उभा होतो. एका दोस्तानं पाण्याची बाटली पुढं केली. म्हणाला, "घे की कवी. इथं येऊन तहानलेला राहतोस व्हय?" मी नको म्हणालो. तोंडाला कोरड पडली होती. ओठ फुटले होते. आदल्या दुपारपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. १९२७ साली बाबासाहेबांनी ओंजळ भरली ती ही जागा, आणि मी तिथं तहानलेला.

कारण लिहायला लाज वाटते. पण लाज झाकायला आपण हे अंक काढत नाही. टेम्पोत मुतायची सोय नसते, आणि मला मूत आवरत नाही.

वय सव्वीस. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर तुटलेले धागे सांधतो. दोन वर्षांपूर्वी उजवा पाय ओढायला लागला. मग मुताची घाई सुरू झाली. आली की आलीच. मुतारी खात्याच्या दुसऱ्या टोकाला. पोचायच्या आत पँट भिजायची. जॉबर म्हणाला, "सकाळी सकाळी टाकून आलास काय रं?" झुलती चाल आणि ओली पँट, म्हणजे दारुडा. आपल्या माणसाबद्दल हे कुणी विचारत नाही, धरूनच चालतात. वस्तीतल्या दोघातिघांनीही तेच धरलं. मी जयंतीच्या मिरवणुकीला जायचं सोडलं.

डॉक्टरांनी आधी साखर तपासली. मग मूतखडा शोधला. शेवटी मोठ्या दवाखान्यात एमआरआय झाला तेव्हा नाव कळलं. मल्टिपल स्क्लेरॉसिस. रोगाशी लढणारी शरीराची फौज आपल्याच मेंदूतल्या आणि मणक्यातल्या मज्जातंतूंवर उलटते. तारेवरचं रबर सोलावं तसं त्यांचं आवरण सोलून काढते. निरोप मधेच तुटतो. हा रोग बहुतेकांना वीस ते चाळिशीत गाठतो, बायांना पुरुषांपेक्षा जास्त. शिवल्यानं होत नाही. करणीनंही होत नाही.

मुताची पिशवी निरोपावर चालते. भरली की मेंदूला कळतं. मेंदू म्हणतो, थांब, जागा मिळू दे. निरोप तुटला की दोन तऱ्हा होतात. एक, पिशवी भरायच्या आतच आवळते. माणूस धावतो, रात्रीतून चारचारदा उठतो. दुसरी, पिशवी आवळते पण खालचं दार उघडत नाही. मूत आत साचतं. कित्येकांना दोन्ही असतं. हा रोग असलेल्या दहांपैकी सुमारे आठांना कधी ना कधी मुताचा त्रास होतो. तरी कुणी बोलत नाही. डॉक्टर विचारायचे, चालता येतं का, दिसतं का. तेवढंच सांगून मी घरी यायचो.

माझा इलाज मीच काढला होता. पाणी बंद. पाळीच्या आधी चार तास काही प्यायचं नाही. इलाज उलटला. घट्ट पिवळं मूत पिशवीला आणखी डिवचतं. शौचाला खडा होतो. जंतूंना फावतं. महाडहून आलो आणि ताप भरला. दोन्ही पाय गेले. वाटलं, रोग वाढला. तपासलं तर मुतात जंतू. अशा तापात या रोगाची जुनी दुखणी उसळतात, ताप उतरला की बहुधा खाली बसतात. माझे पाय आठवड्यानं परतले.

तेव्हा कुठं मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मुतून यायला लावलं आणि सोनोग्राफी केली. १८० मिली आतच होतं. घाई आवरायच्या गोळ्या असतात. पण आत किती उरतं हे आधी मोजावं लागतं, कारण काही गोळ्यांनी उरलेलं आणखी वाढतं. आता दिवसातून चारदा बारीक नळी स्वतः घालून पिशवी रिकामी करतो. दवाखान्यातल्या सिस्टरनं शिकवलं. भीती वाटते तेवढं दुखत नाही. चहा कमी केला. पाणी दिवसभर थोडं थोडं पितो.

पण नळी घालायची तर हात धुवायला पाणी लागतं, दाराला कडी लागते, उजेड लागतो. आमच्या वस्तीच्या संडासात यातलं एकही नाही. शहराची गटारं उपसणारी माणसं आपली, आणि आपल्याच संडासाला कडी नाही.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "लेका, तू दोन वर्सं पाणी तोडलंस. आम्ही बाया जलमभर तोडतोय. अंधार पडल्याबिगर जायाचं कुठं?" मी गप्प झालो. कविता करतो मी. आईच्या तहानेवर एक ओळ लिहिली नव्हती.

मुंबईत २०११ साली 'राइट टू पी' म्हणत बायांच्या मुताऱ्यांसाठी लढा उभा राहिला. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात या रोगाचं नाव घातलेलं आहे. तरी दाखल्याच्या खिडकीवर मला म्हणाले, "हातपाय तर शाबूत दिसतायत." कायद्यात नाव आलं, म्हणून खिडकीतल्या माणसाला कळतंच असं नाही. आणि आपल्या तरी कुठल्या बैठकीत मुतारीचा विषय निघाला?

दोस्तांनो, मोर्चा ठरला की माईक कुठं, झेंडा कुठं, हे आपण ठरवतो. मुतारी कुठं, हेही ठरवा. गाडी दर दोन तासांनी थांबवा, कुणी मागायच्या आधी. झुलत चालणाऱ्याला दारुडा म्हणायच्या आधी त्याला विचारा. वस्तीच्या संडासाला कडी, दिवा, नळ हवा म्हणून अर्ज लिहितोय. पहिली सही आईची, दुसरी माझी. बाकीच्या तुमच्या.

पाण्याचा हक्क घशापाशी संपत नाही. प्यालेलं पाणी माणसासारखं टाकता आलं पाहिजे, नाहीतर माणूस प्यायचंच सोडतो. पुढच्या २० मार्चला मी येणार. नळी पिशवीत असेल. बाटली पुढं करा.

जयभीम.