चिंचोक्याची खळ

आंबोलीचा घाट उतरून एस.टी. सावंतवाडीकडे वळली, तेव्हा माझ्या मांडीवर एक लाकडी पेटी होती आणि मनात एक जुना अपराध होता. पेटीत आजीची दशावतारी गंजिफा. दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येक गटात राजा, वजीर आणि एकापासून दहापर्यंतची पाने. असा हा १२० गोल पानांचा संच. आमच्याकडे त्यांतली ९७ उरली आहेत.

अपराध असा. वीस वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत मत्स्याचा राजा मी ओल्या फडक्याने पुसला. वरचा लाखेचा थर फुटला आहे, हे ध्यानात आले नाही. राजाचे तोंडच फडक्यावर आले! घाबरून मी लाडवांसाठी आणलेला डिंक पाण्यात विरघळवला आणि सुटलेल्या खपल्या चिकटवल्या. आजी काही बोलली नाही. तिने ते पान पालथे करून पेटीत ठेवले. ती गेली, पण पान तसेच पालथे राहिले.

सावंतवाडीचा राजवाडा मोती तलावासमोर आहे. लाल चिऱ्यांची वास्तू, पुढे गर्द झाडी, आणि दरबाराच्या दालनात मांडी घालून रंगवीत बसलेले चित्रकार. गंजिफा हा खेळ मोठा प्रवासी. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला ही पाने पाठवल्याचे त्याच्या आत्मचरित्रातच आहे. पुढे तो इथे आला आणि दशावतारांत रमला. छापील पत्त्यांपुढे ही कला मरणपंथाला लागली होती. शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकात तिला हात देऊन उठवले.

एका वयस्क चित्रकार बाईंपुढे मी मत्स्याचा राजा ठेवला. त्यांनी तो उजेडात तिरपा धरला.

"मास्तरानू, पाणी लावलात काय?"

मी मान खाली घातली. मग त्यांनी जुनी रीत सांगितली. चिंचोके भिजवायचे, सोलायचे, वाटायचे आणि शिजवून खळ करायची. त्या खळीने कापडाचे वा कागदाचे थर जोडायचे, वर पांढरा लेप द्यायचा, दगडाने घोटायचा. डिंकात कालवलेल्या रंगांनी चित्र काढायचे आणि शेवटी लाख चढवायची. डिंक पाण्यात विरघळतो. लाख फुटली की चित्र उघडे पडते.

"तोंड पुन्हा रंगवून द्याल का?" मी विचारले.

"नवीन पान करून देतंय. पण ह्येका आता काय एक लावू नकात."

रसायनशास्त्राचा अभ्यास केलेला माझा भाचा बरोबर होता. संध्याकाळी तलावाच्या कठड्यावर बसून त्याने बाईंच्या म्हणण्यामागचे शास्त्र उलगडले. डिंक म्हणजे निरनिराळ्या शर्करांची लांबलचक साखळी. मोहरीहून बारीक कण आम्लात तापवला की साखळी तुटते. मग एकेक शर्करा यंत्राने वेगळी करून ओळखता येते. बाभळीच्या डिंकात मुख्यतः अरॅबिनोज आणि गॅलॅक्टोज. धावड्याच्या डिंकात त्यांच्या जोडीला मॅनोज आणि झायलोज. चिंचोक्यात ग्लुकोज, झायलोज आणि गॅलॅक्टोज. सरस असेल तर शर्करांऐवजी अमिनो आम्ले बोलतात.

"म्हणजे झाडाचे नाव-गाव कळते तर!"

"नेहमी नाही, मामा. पानाच्या कापडातूनही ग्लुकोज येते. काही खनिज रंग मोजणी बिघडवतात. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे मागाहून कोणी केलेली दुरुस्ती. हा राजा तपासला, तर त्यात तुमचा लाडवांचा डिंकही बोलेल. तो कशाचा होता?"

बाभळीचा की धावड्याचा, मी कधी विचारलेच नव्हते. आजवर मला वाटे, मी फक्त एक चेहरा पुसला. आता कळले, की घाईने केलेल्या दुरुस्तीने मी साक्षीदाराच्या तोंडी माझे शब्द घातले होते.

पेटीच्या कोपऱ्यात कूर्माच्या एका पानाची गळलेली टिकली सापडली. तिला माझा हात लागलेला नव्हता. ती भाच्याने कागदाच्या पुडीत बांधून घेतली. तपासायचे तर तेच तपासावे. शाबूत पानाचा कपटाही काढायचा नाही, असे आम्ही ठरवले.

घरी येऊन मी एक चिठ्ठी लिहिली. कोणते पान, कधी पुसले, कशाने चिकटवले, डिंक कशाचा ते माहीत नाही. आणि खाली माझी सही. बाईंनी करून दिलेले नवे पान वेगळ्या डबीत ठेवले. जुन्या राजाखाली ती चिठ्ठी सरकवली, आणि वीस वर्षांनंतर त्याला सुलटा केला. तोंड नसलेला राजा माझ्याकडे पाहत होता. मी पेटी हळूच मिटली.