यादीतले सहावे

मी चौतीस वर्षे भूगोल शिकवला. रत्नागिरी तालुक्यातल्या एका हायस्कुलात 1972 साली लागलो आणि 2006 च्या मे महिन्यात निवृत्त झालो. दरवर्षी हिवाळ्याच्या सुमारास राष्ट्रीय उद्यानांचा धडा यायचा. सुरुवातीला यादी लहान होती, मग वाढत गेली आणि पाच नावांवर येऊन थांबली. ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, बोरिवली. मी ती फळ्यावर लिहायचो, मुले वहीत उतरवायची आणि परीक्षेत मला परत द्यायची. 'जोड्या लावा'मध्ये हमखास दोन गुण.

1998 साली पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, यातलं तुम्ही काय काय बघितलंय?"

मी म्हणालो, "अजून योग आला नाही." वर्ग हसला नाही, हेच जास्त लागले.

रात्री जेवताना नसीमला सांगितले. माझी बायको मला मास्तर म्हणायची, कौतुकानेही आणि टोमणा मारायचा असला तरीही. ती म्हणाली, "सव्वीस वर्षं न बघितलेला माल विकताय मास्तर. एकदा दुकानात जाऊन तरी या." असे आमचे ठरले. पाचही बघायची, दोघांनी मिळून, आणि कर्ज न काढता.

बोरिवली सोपे होते. मुलगी मुंब्र्याला दिलेली, कोकण रेल्वे नुकतीच सुरू झालेली. 1999 च्या मे महिन्यात मुलीकडून एका दिवसात जाऊन आलो. शंभर चौरस किलोमीटरचे जंगल आणि त्याला चहूबाजूंनी मुंबईने मारलेली मिठी. कान्हेरीच्या लेण्यांत नसीमने मूर्तींपेक्षा पाण्याची टाकी जास्त पाहिली. मे महिन्यात डोक्यावरून हंडे वाहिलेली बाई ती. भिक्षूंनी खडकात पाणी कसे साठवले हे तिने वाकून वाकून बघितले आणि म्हणाली, "ह्यांना आमच्या वाडीचं पाणी खातं द्यायला हवं होतं."

त्या संध्याकाळी तिने एक वही केली. तिचे शिक्षण उर्दू माध्यमातले, माझे मराठीतले. वही उर्दूत होती. तिकिटे, प्रवेशाच्या पावत्या डकवायची आणि खाली चार ओळी लिहायची. काय लिहिते ते मी कधी विचारले नाही. खर्चाचा हिशेब असेल असे धरून चाललो.

पुढची चार उद्याने विदर्भात. आम्हां रत्नागिरीकरांना विदर्भ परदेशासारखाच. शाळा सांभाळून ते जमणारे नव्हते. दरम्यान 2004 मध्ये चांदोली अभयारण्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि पाचाची सहा झाली. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि आपला रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांच्या शिवेवरचे हे जंगल. शेवटची दोन वर्षे मी फळ्यावर सहावे नाव लिहिले. घरी नसीमला नकाशा काढून दाखवला. संगमेश्वर तालुक्यात शृंगारपूरच्या वर प्रचितगड आहे, तो या उद्यानाच्या काठावर. त्याच डोंगररांगेत शास्त्री नदी उगम पावते आणि जयगडला समुद्राला मिळते.

नसीम फुणगूसची. तिचे बालपण शास्त्रीच्या खाडीत गेलेले. ती नकाशाकडे बघत राहिली. "म्हणजे आमच्या खाडीचं पाणी तिथून येतं? मग आधी तेच बघू या."

"ते घरचंच आहे," मी म्हणालो. "कधीही जाऊ. पाय धड आहेत तोवर लांबचं उरकून घेऊ."

हे वाक्य मी नंतर बरेच वेळा म्हटले.

2006 च्या जानेवारीत सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष मारुती चितमपल्ली होते. वनखात्यात नोकरी केलेला माणूस संमेलनाचा अध्यक्ष, याचे मला अप्रूप वाटले. नवेगावबांधला त्यांनी अनेक वर्षे काढली होती. म्हणून निवृत्तीनंतर पहिले नवेगाव. रत्नागिरीहून एस.टी.ने कोल्हापूर, तिथून महाराष्ट्र एक्स्प्रेसने थेट गोंदिया. चोवीस तासांहून जास्त प्रवास आणि सगळा महाराष्ट्रातलाच. तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी मिरज सुटेपर्यंत अर्ध्या डब्याला वाटून झाली होती.

तो तलाव कोहळी लोकांनी बांधला. कोलू पाटलाचे नाव तिथे आजही घेतात. सात टेकड्यांमध्ये अडवलेले पाणी, कडेला धुके, आणि उत्तरेकडून आलेली बदके. वाघ दिसला नाही, आम्हाला त्याची आठवणही झाली नाही. जोहरची नमाज काठावर पढलो. आम्ही किनाऱ्यावरची माणसे, किब्ला म्हणजे समुद्राची दिशा हे अंगात मुरलेले. तिथे पश्चिमेला जंगलच जंगल होते आणि क्षणभर मी चुकीच्या दिशेला उभा आहे असे वाटले.

ताडोब्याला 2008 च्या मे महिन्यात गेलो. 1955 पासूनचे, राज्यातले पहिले राष्ट्रीय उद्यान. मंगळवारी ते बंद असते हे भूगोलाच्या मास्तरला चंद्रपुरात पोचल्यावर कळले. वाघ मात्र दिसला, अगदी रस्त्यावर. तलावाकाठी तारूदेवाचे ठाणे आहे. वाघाशी झुंजताना मेलेला तो गावचा प्रमुख, असे सांगतात. त्याच्याच नावावरून ताडोबा. आमच्या गोंड वाटाड्याने गाडीतूनच हात जोडले. पेंच 2010 साली केले. किपलिंगच्या मोगलीचा सिवनी मुलूख पलीकडेच, तोतलाडोहचा जलाशय भव्य, हरणे पुष्कळ. पण मला पोटाचा त्रास झाला होता, त्यामुळे पेंचविषयी माझे मत ग्राह्य धरू नये.

या काळात मोहल्ल्यात बोलणे व्हायचेच. हज राहिली आणि मास्तर जंगलात पैसे घालवतोय. मशिदीबाहेर कुणी मला विचारले की मी गप्प बसायचो. नसीम बसायची नाही. शेजारच्या चाचींना ती म्हणाली, "जमिनीवर फिरा, बघा, असं अल्लाहनेच सांगितलंय चाची. हजचे पैसे वेगळ्या खात्यात आहेत, पासबुक दाखवू?" ते खाते खरेच वेगळे होते. 2016 मध्ये आम्ही हज केली.

गुगामल 2013 साली केले. मेळघाटात सेमाडोहला राहिलो. कोरकू बायांशी नसीम कुठल्या भाषेत बोलत होती मला कळले नाही, पण अर्धा तास बोलत होती. ज्या रानपिंगळ्याची 1884 नंतर शतकभर कुणाला खबर नव्हती आणि जो 1997 मध्ये शहाद्याजवळ सापडला, तो या रानातही आहे. आम्हाला भेटला नाही. परतताना चिखलदऱ्याचा गाविलगड बघितला. अहमदशहा बहमनीने 1425 मध्ये बांधलेला हा किल्ला. आतल्या पडक्या मशिदीपर्यंत पोचताना नसीमचे गुडघे संपले. सावलीत बसून ती म्हणाली, "मास्तर, आता लांबचं झालं. आता माझ्या नदीकडे."

मी हो म्हणालो. पण मला ते नीट करायचे होते. पावसानंतर, शृंगारपुराहून प्रचितगडाची शिडी चढून. तिचे गुडघे शिडी चढणार नाहीत हे मला दिसत होते. पलीकडून, वारणेच्या बाजूने गाडीने जाता येते हेही माहीत होते. तरी मी शिडीचा हट्ट धरून बसलो. मग मुलीचे बाळंतपण, हज, गुडघ्याचे ऑपरेशन. विदर्भाला जाता-येताना दर वेळी आंबा घाट लागायचा. साखरपा सोडून गाडी चढू लागली की ती डाव्या हाताच्या खिडकीकडे सरकायची. त्या डोंगरांच्या मागे उत्तरेला चांदोली.

2019 च्या रमजानमध्ये ती गेली.

वही मी दोन वर्षे उघडली नाही. कुरआनमुळे लिपी ओळखीची, पण उर्दू हस्ताक्षर मी बोट ठेवून वाचतो. हिशेब होताच. मध्ये मध्ये बाकीचे. ताडोब्याच्या पावतीखाली लिहिले होते, 'वाघ दिसला. पंधरा गाड्या. वाघ कंटाळलेला होता, मास्तर खूश.' शेवटी एका कोऱ्या पानावर वर 'चांदोली' आणि खाली एकच ओळ : 'गाडीभाडे, विचारायचे.'

2024 च्या फेब्रुवारीत नातवाला घेऊन गेलो. आंबा घाटाने मलकापूर, तिथून वारणावती. सकाळी निघालो आणि दुपारी जीपमध्ये होतो. एवढेच अंतर होते ते.

सोबतचा वाटाड्या पन्नाशीचा. झोळंबीच्या सड्यावर उतरलो तर पायाखाली आमच्याच रत्नागिरीसारखा जांभा. मी मास्तरकी सुरू केली, जांभा कसा तयार होतो वगैरे. तो शांतपणे ऐकत होता. पुढे झाडीत एक जोते दिसले, शेजारी आंब्याचे जुने झाड. तो म्हणाला, "आमचं गाव." धरण आणि अभयारण्य यांत इथली गावे उठली, माणसे खाली सांगली-कोल्हापूरकडे वसवली. "आता आंबा बघायला यायचं तरी पावती फाडायला लागते," तो हसत म्हणाला. फळ्यावर सहावे नाव लिहिताना मी क्षेत्रफळ सांगितले होते, 317 चौरस किलोमीटर. हे सांगितले नव्हते. मला माहीतच नव्हते.

नमाजला उभा राहिलो. पश्चिमेला झाडी, मग कडा, आणि कड्याखाली संगमेश्वर. शास्त्रीचा उगम तिकडे कुठेतरी, दिसण्यासारखा नव्हता. पण या वेळी दिशा चुकल्यासारखे वाटले नाही.

गवे दिसले. वाघ त्या दिवशी नव्हता. 2025 च्या नोव्हेंबरात ताडोब्यातून एक वाघीण आणून चांदोलीत सोडली, ती बातमी नातवाने मला फोनवर वाचून दाखवली. विदर्भातली लेक इतक्या लांब दिली, असे नसीम म्हणाली असती.

घरी आल्यावर पावती डकवली आणि तिच्या ओळीपुढे भाड्याचा आकडा मराठीत लिहिला. शिडी आता माझ्याच्याने होणार नाही. पण शृंगारपूरपर्यंत रस्ता आहे आणि तिथे नदी लहानशी असणार. नातू म्हणतो, पाऊस संपला की जाऊ. मी त्याला म्हटले, पाऊस संपायची वाट कशाला बघायची, याच महिन्यात जाऊ. येताना फुणगूसला थांबायचे आहे.